बर्फावर पडलेल्या मुलासाठी: विद्यार्थी-गॅलरीतील मराठी मित्रमैत्रिणींना खुले पत्र

प्रति,
अमेरिकेतल्या आमच्या विद्यापीठाच्या आइस हॉकी सामन्यांना विद्यार्थी-गॅलरीत येणारे सर्व मराठी विद्यार्थी व त्यांच्यासोबत येणारे पालक

सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी रात्री झालेल्या सामन्याविषयी मला तुमच्याशी बोलायचे आहे आणि ते मराठीतच बोलायचे आहे. त्याचे कारण पुढे येईलच. त्या रात्री मी यजमान संघाच्या, म्हणजे आपल्या संघाच्या पेनल्टी बॉक्समध्ये कामावर होतो. गेली चौदा वर्षे मी हे काम हौसेने करतो. शिक्षा झालेला खेळाडू आला की दार उघडायचे, तो बसला की कडी लावायची आणि घड्याळावर त्याची वेळ संपली की पुन्हा दार उघडून त्याला बर्फावर सोडायचे, एवढेच ते काम. ते करताना कोणाची बाजू घ्यायची नसते, टाळीसुद्धा वाजवायची नसते. म्हणून या पत्रात मी विद्यापीठाचे, समोरच्या संघाचे किंवा एकाही खेळाडूचे नाव घेणार नाही. जे तिथे होते त्यांना नावांची गरज नाही.

सामना पहिल्या मिनिटापासून धसमुसळा होता. शिट्टी वाजून गेल्यावरही गोलरक्षकासमोर ढकलाढकली चालू राहायची, एकमेकांच्या तोंडावर ग्लोव्हज घासले जायचे, पाठीत काठीचा दांडा बसायचा. माझ्या शेजारी पेनल्टींची नोंद ठेवणारे गृहस्थ आहेत. त्यांच्या कागदाची पुढची बाजू दुसरे सत्र संपण्याआधीच भरली आणि उरलेल्या पेनल्टी त्यांना मागच्या कोऱ्या बाजूवर लिहाव्या लागल्या. इतक्या वर्षांत असे मी दुसऱ्यांदाच पाहिले. आमच्या बॉक्समधल्या बाकावर चार जण नीट बसतात. एका वेळी तिथे पाच जण घामाने निथळत, एकमेकांना खेटून बसले होते.

पंचांचेही चुकले, हे मी आधीच सांगून टाकतो. पहिल्या सत्रात काठी आडवी धरून पाठीत मारल्याचे दोन प्रसंग त्यांच्या डोळ्यांदेखत घडले आणि दोन्ही वेळा त्यांनी हात वर केला नाही, म्हणजे पेनल्टीची खूण केली नाही. खेळाडूंना सामन्याची शिस्त पहिल्या पाच-सात मिनिटांत कळते. तेव्हा जे चालून गेले ते पुढेही चालणार असे ते धरून चालतात आणि मग पंचांनी उशिरा कडकपणा दाखवला की दोन्ही संघांना तो अन्याय वाटतो. त्या रात्री तेच झाले. तुम्ही पंचांवर चिडलात यात मला काही गैर वाटत नाही. माझे म्हणणे त्याच्या पुढच्या गोष्टीबद्दल आहे.

तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या सत्रात बरोबरी होती आणि घड्याळावर आठ-एक मिनिटे उरली होती. पाहुण्या संघाचा बचावपटू आमच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, काढायला गेला. त्याचे तोंड कठड्याकडे होते, पाठ पूर्ण उघडी होती. आपला खेळाडू मागून आला आणि त्याने वेग कमी केला नाही. ती धडक मी पाहण्याआधी ऐकली. खांदा काचेवर आदळला की काच थरथरते, तिचा आवाज वेगळा असतो. हेल्मेट कठड्याच्या लाकडावर आदळले की आवाज कोरडा येतो. हा कोरडा होता. मुलगा खाली घसरला आणि कुशीवर पडून राहिला. त्याची काठी त्याच्यापासून दूर जाऊन पडली होती आणि तो ती शोधत नव्हता.

गॅलरीत जल्लोष झाला. मग पंचाचा हात वर गेलेला दिसला आणि जल्लोषाच्या जागी शिव्या सुरू झाल्या. त्या सगळ्या गदारोळात माझ्या मागून, काचेच्या पलीकडच्या तिसऱ्या-चौथ्या रांगेतून स्वच्छ मराठीत दोन वाक्ये ऐकू आली. एक आवाज म्हणाला, “ऊठ की रे, नाटक करतोय साला.” दुसऱ्याने उत्तर दिले, “पडू दे तसाच.”

इंग्रजीतल्या शिव्या चौदा वर्षे माझ्या कानांवरून वाहून गेल्या आहेत. त्यांचे मला काही वाटत नाही असे नाही, पण त्या अंगावर येत नाहीत. ही दोन वाक्ये आली. हजारो माणसांच्या त्या रिंकमध्ये ती कळणारे आपण फार तर पंधरा-वीस जण असू. ज्या भाषेत माझ्या आईने मला पडल्यावर “लागलं का रे?” असे विचारले, त्याच भाषेत कोणीतरी एका पडलेल्या मुलाला “पडू दे तसाच” म्हणत होते आणि ते म्हणताना आपल्याला कोणी ऐकत नाही असे त्याला वाटत होते. मी ऐकत होतो. हे पत्र मराठीत लिहिण्याचे कारण एवढेच आहे. विद्यापीठ इंग्रजीत जे पत्रक काढायचे ते काढेलच.

त्यानंतर बॉक्समध्ये काय झाले ते तुम्हाला गॅलरीतून दिसले नसेल. पंचांनी पडद्यावर चित्रफीत तपासली आणि पाच मिनिटांची मोठी पेनल्टी देऊन आपल्या खेळाडूला सामन्यातून बाहेर काढले. बाहेर काढलेला खेळाडू सरळ ड्रेसिंग रूममध्ये जातो; त्याची पाच मिनिटे भोगायला संघातल्या दुसऱ्या कोणाला तरी बॉक्समध्ये बसावे लागते. प्रशिक्षकांनी पहिल्या वर्षाच्या एका मुलाला पाठवले. त्या रात्री तो जेमतेम दोन-तीनदा बर्फावर उतरला होता. तो आत आला, बसला, चेहऱ्यावरची जाळी वर केली आणि कोपऱ्याकडे पाहू लागला. तिथे मात्र दोन्ही संघांचे ट्रेनर (दुखापतींवर उपचार करणारे) आणि पंच यांचा गराडा होता आणि त्याला काही दिसत नव्हते. त्याने मला एकच प्रश्न विचारला, “तो उठला का?” मी नाही म्हणालो. त्याने जाळी पुन्हा खाली ओढली. नंतर तो पडलेला मुलगा त्याच्या माणसांच्या खांद्यांवर हात टाकून उभा राहिला तेव्हा माझ्या शेजारच्या या मुलाने काठी तीनदा कठड्यावर आपटली. काठ्या आपटणे ही हॉकी खेळाडूंची टाळी असते. दोन्ही संघांच्या बाकांवरून तोच आवाज येत होता. गॅलरी तेव्हा पंचांना उद्देशून ओरडत होती.

पुढची पाच मिनिटे आपला संघ एक खेळाडू कमी घेऊन खेळला, त्यात पाहुण्या संघाने दोन गोल केले आणि आपण सामना हरलो. दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच वाक्य फिरत होते, की पंचांनी सामना घालवला. जे नवीन आहेत त्यांच्यासाठी नियम सांगतो. साधी पेनल्टी दोन मिनिटांची असते आणि त्या दोन मिनिटांत समोरच्याने गोल केला तर ती तिथेच संपते. मोठी पेनल्टी पाच मिनिटांची. गोल कितीही झाले तरी ती पूर्ण भोगावी लागते. हा फरक मुद्दाम ठेवला आहे. पाठमोऱ्या खेळाडूला कठड्यावर आदळणे किंवा डोक्यावर घाव घालणे संघाला इतके महाग पडावे की पुढच्या वेळी खेळाडूने शेवटच्या दोन फुटांत वेग कमी करावा, असा त्यामागचा विचार आहे. आपल्याकडच्या मैदानी हॉकीतही हेच तत्त्व आहे. हिरवे कार्ड दाखवले तर दोन मिनिटे बाहेर, पिवळे दाखवले तर किमान पाच मिनिटे आणि लाल दाखवले तर त्या सामन्यापुरता खेळ संपला. शनिवारी पंचांनी पहिल्या सत्रात कच खाल्ली, पण ही एक शिट्टी त्यांनी योग्य वाजवली. आणि त्या रात्री सर्वांत जास्त शिव्या त्यांनी याच शिट्टीसाठी खाल्ल्या.

“नाटक करतोय” या शब्दांकडे मला परत यायचे आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या जन्माआधीची एक रात्र त्यासाठी सांगतो. तारीख २० ऑक्टोबर १९९५, ठिकाण बॉस्टन विद्यापीठाचे वॉल्टर ब्राउन अरीना, पाहुणा संघ नॉर्थ डकोटाचा. बॉस्टनचा संघ आदल्या मोसमाचा राष्ट्रीय विजेता होता आणि त्या विजेतेपदाचा ध्वज त्याच रात्री छताला चढवला गेला होता. ट्रॅव्हिस रॉय नावाचा वीस वर्षांचा मुलगा कॉलेजमधला आपला पहिला सामना खेळायला उतरला. बर्फावर पाय ठेवल्यापासून अकराव्या सेकंदाला तो एका प्रतिस्पर्ध्याला धडक द्यायला गेला. प्रतिस्पर्धी निसटला, रॉयचा तोल गेला आणि तो डोक्याने कठड्यावर आदळला. मानेचा चौथा मणका फुटला. वडील प्रेक्षकांतून उठून बर्फावर, त्याच्यापाशी आले. स्वतः कॉलेज हॉकी खेळलेल्या त्या बापाला मुलगा म्हणाला की मी इथवर पोहोचलो खरा. मानेखालचे शरीर त्यानंतर त्याच्या ताब्यात राहिले नाही. पुढची पंचवीस वर्षे तो चाकांच्या खुर्चीत जगला. त्याने आपल्या नावाची संस्था उभारली, मज्जारज्जूच्या दुखापतींवरच्या संशोधनासाठी आणि आपल्यासारख्या जखमींच्या मदतीसाठी पैसा गोळा केला. २९ ऑक्टोबर २०२० रोजी तो गेला.

त्या धडकेत कोणाचाही दोष नव्हता. ना नियम मोडला गेला, ना पेनल्टी झाली. तरीही मी ती इथे सांगतो, कारण कठड्याजवळ पडल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत ट्रॅव्हिस रॉय हा दर आठवड्याला पडणाऱ्या शंभर खेळाडूंसारखाच दिसला असणार. क्षणभर श्वास कोंडला म्हणून पडून राहिलेला, पेनल्टी मिळावी म्हणून वेळ काढणारा आणि मान मोडलेला, हे तिघे चौथ्या रांगेतून अगदी सारखे दिसतात. मी तर काचेला नाक लावून पाहत असतो, मलाही फरक कळत नाही. ट्रेनर गुडघ्यावर बसून मुलाला बोटे हलवायला सांगतो, तोवर कोणालाच कळत नाही.

कॉलेज हॉकीने या बाबतीत बराच विचार केला आहे. व्यावसायिक खेळाडू अर्धी काच लावून खेळतात, कॉलेजमध्ये पूर्ण चेहरा झाकणारी जाळी किंवा काच सक्तीची आहे. एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये मुष्टियुद्ध केले तर पाच मिनिटे बसून खेळाडू परत येतो. कॉलेजमध्ये तो त्या सामन्यातून बाद होतोच आणि पुढच्या सामन्यालाही मुकतो, आणि दुसऱ्यांदा तसेच केले तर बंदी वाढते. म्हणून इथे खऱ्या मारामाऱ्या क्वचित दिसतात, त्यांच्या जागी शिट्टीनंतरची धक्काबुक्की दिसते. जाळीमुळे आपल्याला काही होणार नाही असे मुलांना वाटते आणि काठ्या वर येतात, असे जुने प्रशिक्षक म्हणतात. मला त्यात तथ्य वाटते. शिवाय खेळाडूंची घडण बदलते आहे. कॉलेजांच्या खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेने नोव्हेंबर २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयामुळे कॅनडियन हॉकी लीग या कुमारांच्या लीगमध्ये खेळलेली मुले ऑगस्ट २०२५ पासून कॉलेजकडून खेळू शकतात. ती अतिशय तयारीची मुले आहेत, मात्र वेगळ्या नियमांत आणि जास्त सामन्यांच्या रगाड्यात वाढलेली आहेत. खेळ अधिक वेगवान आणि अधिक अंगावर येणारा होत आहे. अशा वेळी पंचांच्या शिट्टीची गरज वाढते.

माझा मुलगा सहा वर्षांचा असताना स्केटिंग शिकला. हिवाळ्यात पहाटे साडेपाचला त्याला रिंकवर सोडताना गाडीतला हीटर पोहोचेपर्यंत गरम होत नसे. तो थोडा मोठा झाल्यावर संघाने सगळ्या मुलांच्या जर्सीच्या पाठीवर, नंबराच्या वर, लाल अष्टकोनी ‘स्टॉप’चे ठिगळ लावायला सांगितले. रस्त्यावरच्या थांब्याच्या पाटीसारखे ते दिसते. मागून येणाऱ्या मुलाला समोर पाठ दिसते आहे हे कळावे आणि त्याने थांबावे, एवढाच त्याचा उपयोग. शिवणाचे यंत्र घरात नव्हते, म्हणून माझ्या पत्नीने ते ठिगळ हाताने, गोधडीच्या टाक्याने शिवले. आठ कोपरे तिने दोनदा पक्के केले. अमेरिकेतल्या हॉकीच्या राष्ट्रीय संघटनेने २०११ मध्ये अंगावर धडक देण्याची मुभा मिळण्याचे वय अकरा-बारावरून तेरा-चौदावर नेले, तेव्हा आमच्या घरात खरोखर सुटकेचा निःश्वास टाकला गेला. माझा मुलगा कॉलेजच्या दर्जापर्यंत पोहोचला नाही आणि आता तो दुसऱ्या शहरात नोकरी करतो. पण कोपऱ्यात पाठमोरे उभे राहिलेले प्रत्येक मूल मला त्या ठिगळासकट दिसते. शनिवारी पडलेल्या मुलाच्या पाठीवर ते नव्हते, कारण कॉलेजमध्ये त्याची गरज नाही असे समजले जाते. कधीतरी त्याच्याही आईने ते शिवले असणार.

मी तुम्हाला गप्प बसायला सांगत नाही. विद्यार्थी-गॅलरी नसेल तर कॉलेज हॉकीत उरते काय? बँड वाजतो, घंटा खणखणतात, गोल झाला की समोरच्या गोलरक्षकाकडे बोट दाखवून सगळे एका सुरात ‘सिव्ह, सिव्ह’ ओरडतात. एका वर्षी तुमच्यापैकीच काही मुलींनी त्याचे मराठी करून ‘चाळण! चाळण!’ सुरू केले होते आणि शेजारच्या अमेरिकन मुलांनीही ते उचलले होते. बॉक्समध्ये मला हसू आवरणे कठीण गेले होते. कॉर्नेल विद्यापीठाच्या लाइना रिंकमध्ये पाहुण्या खेळाडूंची नावे पुकारली जात असताना विद्यार्थी वर्तमानपत्रे उघडून त्यांत डोके घालतात; हार्वर्डचा संघ आला की बर्फावर मासे फेकले जातात. आता त्यामुळे घरच्याच संघाला पेनल्टी बसू शकते, तरी ती परंपरा पूर्ण मिटलेली नाही. मिशिगन विद्यापीठाच्या योस्ट आइस अरीनात पाहुणा खेळाडू पेनल्टी बॉक्सकडे निघाला की त्याला निरोप देणारी एक आरोळी प्रसिद्ध आहे. तिच्या शेपटाला शिव्यांची माळ लागली तेव्हा ती आवरा असे विद्यापीठाला सांगावे लागले. चिडवण्याला मर्यादा असते आणि ती कुठे आहे हे चिडवणाऱ्याला आतून कळत असते. गोलरक्षकाला चाळण म्हणताना तो उभा असतो, हातात काठी असते, पुढचा पक अडवून तो तुम्हाला उत्तर देऊ शकतो. कठड्याशी पडलेला मुलगा ते करू शकत नाही.

वैर किती खरे असते याबद्दलही थोडे. मार्च १९७६ मध्ये डेन्व्हरला राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात मिनेसोटा आणि बॉस्टन विद्यापीठ समोरासमोर आले आणि जेमतेम एक मिनिट होते न होते तोच दोन्ही बाकांवरचे खेळाडू एकमेकांवर तुटून पडले. मिनेसोटाने तो सामना ४-२ असा जिंकला आणि पुढे विजेतेपदही घेतले. ही हकिगत गॅलरीतले जुने लोक मोठ्या रंगात सांगतात. मिनेसोटाचे त्या वेळचे प्रशिक्षक हर्ब ब्रुक्स चार वर्षांनी अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या वीस जणांच्या संघात नऊ मिनेसोटाचे होते आणि चार बॉस्टन विद्यापीठाचे, आणि त्या चारांत गोलरक्षक जिम क्रेग आणि कर्णधार माइक इरुझिओनी होते. २२ फेब्रुवारी १९८० रोजी लेक प्लॅसिडच्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाविरुद्ध ४-३ असा निर्णायक गोल इरुझिओनीने केला, तेव्हा मिनेसोटात त्याला शिव्या दिलेल्या माणसांनीही टीव्हीसमोर उड्या मारल्या असतील. आपल्याला याचे नवल वाटायला नको. २०२४ च्या एप्रिलमध्ये वानखेडेवर हार्दिक पंड्याची हुर्यो उडवली गेली आणि जुलैत विश्वचषक घेऊन तो तिथेच आला तेव्हा त्याच्याच नावाचा गजर झाला. मधल्या तीन महिन्यांत त्याने ते कसे सोसले असेल, ते त्यालाच माहीत.

सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला १९८१ पासून दिला जाणारा पुरस्कार ज्याच्या नावाने आहे, तो प्रिन्स्टन विद्यापीठाचा होबी बेकर सामना संपला की प्रतिस्पर्ध्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन प्रत्येकाशी हस्तांदोलन करून येत असे. पूर्ण कॉलेज कारकिर्दीत त्याला एकदाच पेनल्टी झाली असे सांगतात. शनिवारी सामना संपल्यावर रांगेत हस्तांदोलन झाले तेव्हा गॅलरी रिकामी होत आली होती. आपल्या कर्णधाराने पाहुण्या प्रशिक्षकांचा हात बराच वेळ धरून ठेवला होता. पडलेल्या मुलाची चौकशी चालली असावी.

आता सामन्यानंतरचे. ज्याने धडक दिली त्या आपल्याच मुलाला रविवारी दिवसभर दोन प्रकारचे संदेश येत होते, असे मला त्याच्या सहकाऱ्याकडून समजले. एका प्रकारचे लोक त्याला वीर म्हणत होते, दुसरे त्याला खुनी म्हणत त्याच्या आईवडिलांपर्यंत पोहोचले होते. पंचांपैकी एकाचे नाव आणि नोकरीचे ठिकाणही कोणीतरी शोधून काढले. कॉलेजचे बहुतेक पंच आठवडाभर दुसरी नोकरी करतात, शुक्रवारी संध्याकाळी बर्फाच्या रस्त्यावरून तीन-चार तास गाडी हाकत येतात आणि शनिवारी रात्री तशीच परत नेतात. चित्रफीत पाहताना ते माझ्यापासून हातभर अंतरावर वाकलेले असतात. शनिवारी त्या दोघांपैकी जो ज्येष्ठ होता, त्याने धडक चार वेळा पाहिली. चौथ्या वेळी त्याने डोळे मिटून घेतले, मग सहकाऱ्याकडे पाहून मान हलवली आणि घड्याळवाल्याला निर्णय सांगितला. त्याच्या डोक्यावर तेव्हा गॅलरीतून पेयाचा कप येऊन पडला होता. त्याने तो उचलून माझ्या हातात दिला आणि “माफ करा, हा कुठे टाकू?” असे विचारले.

तुम्ही या गावात नवीन असता, पहिला हिवाळा असतो, दुपारी साडेचारला अंधार पडतो, घरची आठवण येते आणि अशा वेळी शुक्रवार-शनिवारी ऊब मिळते ती त्या गॅलरीत. अनोळखी माणसे खांद्यावर हात टाकतात, एका सुरात ओरडले की आपणही इथलेच वाटू लागतो. हे मला माहीत आहे, कारण १९९९ च्या हिवाळ्यात मीही तिथेच उभा होतो आणि सगळ्यांसोबत मीही ओरडलो होतो. काय ओरडलो ते इथे लिहीत नाही. ते मला अजून आठवते, एवढे मात्र सांगतो. त्या रात्री माझ्या जवळ कोणी वडीलधारे मराठी माणूस असते आणि त्याने माझ्या खांद्याला हात लावला असता, तर मी थांबलो असतो असे मला मनापासून वाटते. तुमच्यासोबत येणाऱ्या पालकांना म्हणूनच माझी विनंती आहे की तो हात लावायला संकोचू नका.

मागणे फार नाही. कोणत्याही संघाचा खेळाडू बर्फावर पडला आणि उठला नाही, तर खाली बसा आणि तो उठेपर्यंत किंवा बाहेर नेला जाईपर्यंत आवाज बंद ठेवा. पंच पडद्यापाशी गेले की त्यांना पाहू द्या. खेळाडूंना आणि पंचांना सामन्याबाहेर गाठू नका. धडक मारलेल्या आपल्या मुलाला तुम्ही ओळखत असाल, तर त्याला वीर म्हणू नका आणि खुनीही म्हणू नका, जेवायला बोलवा. तो गेले काही दिवस मेसमध्ये एकटाच बसतो आहे.

पाहुण्या मुलाबद्दल मला इतकेच कळले आहे की तो स्वतःच्या पायांनी बसमध्ये चढला आणि काही आठवडे खेळणार नाही.

येत्या शुक्रवारी सात वाजता पुन्हा सामना आहे. मी साडेसहाच्या सुमारास विद्यार्थी-प्रवेशद्वाराच्या आत, स्केट भाड्याने देणाऱ्या खिडकीशेजारी थर्मास घेऊन उभा असेन. शनिवारी ज्या दोघांचे आवाज मी ऐकले, त्यांनी चहाला यावे. तुम्ही कोण हे मी विचारणार नाही.

आपला,
यजमान संघाच्या पेनल्टी बॉक्सचे दार उघडणारा एक स्वयंसेवक